काजळी झटकायला मोरा बंदरापर्यंत

कराडहून निघालो तेव्हा माझ्या अंगात झेंडावंदनाचाच पांढरा बुशशर्ट होता आणि खिशात घडी न मोडलेला पांढरा रुमाल. शाळेतला कार्यक्रम साडेआठला आटोपला आणि नऊच्या एसटीत मी खिडकीची जागा पटकावली. शुक्रवार प्रजासत्ताक दिनाचा, मधला रविवार आणि शनिवार-सोमवारच्या दोन किरकोळ रजा. रजेच्या अर्जावर सही करताना मुख्याध्यापकांनी विचारलं होतं, "ड्रॉइंगच्या मास्तरांचं पनवेलला काय काम?" मी म्हटलं, "समुद्र बघायचाय." ते हसले. पनवेलला समुद्र आहे हे त्यांना कुणी सांगितलं नसावं, आणि खरं सांगायचं तर मलाही साडूंच्या पत्रातूनच कळलं होतं.

साडू म्हणजे वसंतराव, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुंबईच्या एका कंपनीत ते स्टोअरकीपर होते. कंपनी गुजरातेत हलली, हे हलले नाहीत. त्यांनी नव्या पनवेलला ब्लॉक घेतला आणि हातात आलेल्या पैशांतून एक जुनी डिझेल व्हॅन. "मास्तर," त्यांनी लिहिलं होतं, "आता घरची गाडी आहे. कोकणची हवा खायला या. तुम्हाला समुद्र दाखवतो." एवढ्या अगत्याचं पत्र वसंतरावांनी यापूर्वी कधी लिहिलं नव्हतं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

खंडाळ्याच्या घाटात आमची एसटी ट्रकांच्या रांगेमागे अडकली. चढणीच्या बाजूचे ट्रक धूर ओकत होते आणि उतारावरचे आम्ही तो मुकाट्याने घेत होतो. बायकांनी पदर तोंडाला लावले, पुरुषांनी खिडक्या लावून घेतल्या. माझी खिडकी लागत नव्हती. पनवेलला उतरलो तेव्हा शर्टाची कॉलर पेन्सिलीने छायांकन केल्यासारखी झाली होती.

वसंतराव स्टँडच्या बाहेर व्हॅनला टेकून उभे होते. व्हॅनचा रंग सायीचा, पुढच्या काचेवर कुलस्वामिनीचं नाव, मागच्या दारावर लाल अक्षरांत 'अंतर ठेवा'. आतल्या सीटांना सुशीलाताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, स्वतः शिवलेले निळे अभ्रे. प्रवास कसा झाला हे विचारायच्या आधी वसंतरावांनी मला गाडीभोवती एक फेरी मारायला लावली आणि मी प्रत्येक दार उघडून बघितल्यावरच माझी पिशवी आत ठेवली.

व्हॅन सुरू झाली आणि मागे उभे असलेले दोन रिक्षावाले खोकत बाजूला झाले. मी आरशात पाहिलं. स्टँड दिसेनासा झाला होता.

"थंड आहे ना इंजिन, म्हणून," वसंतराव म्हणाले. मी त्यांना काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सुशीलाताईंनी घावन (तांदळाच्या पिठाचे पातळ डोसे) आणि चहा दिला. सहलीच्या मानाने घरात हसू कमी होतं. ताई दोनदा कॅलेंडरकडे बघून आल्या. निघताना वसंतरावांना म्हणाल्या, "पाचच्या आत पोचा हं. उद्या रविवार, बंद असतं." मला वाटलं एखाद्या देवळाचं असेल.

पहिला मुक्काम समुद्र नव्हता. पहिला मुक्काम हनीफभाईंचं गॅरेज होतं. हनीफभाई पनवेलचेच, पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी आणि बोलण्यात अशी अदब, की त्यांच्या हातातला पानाही शोभून दिसावा. "या मास्तर, तशरीफ ठेवा," असं म्हणून त्यांनी मला टायरवर बसवलं आणि मग साडूंच्या अगत्याचं सगळं रहस्य पाच मिनिटांत उलगडलं.

तळोज्याच्या एका कारखान्यात कामगारांची ने-आण करायचं काम वसंतरावांना मिळालं होतं. सोमवारी सकाळी सहाला गाडी फाटकावर हवी होती. पण कारखान्याची नवी अट अशी, की धुराच्या तपासणीचा कागद असल्याशिवाय एकही गाडी आत घ्यायची नाही. पीयूसीचा हा कागद तेव्हा नवाच निघाला होता. महामार्गावर पेट्रोलपंपाशेजारी एक टपरी होती, तिथे यंत्राची नळी सायलेन्सरला लावायची, ॲक्सिलरेटर दाबायचा आणि काटा कुठे जातो ते बघायचं. वसंतरावांचा काटा मागच्या सोमवारी जिथे गेला होता ते ऐकून ताई जेवल्या नव्हत्या, आणि मला पत्र त्याच दिवशी पोस्टात पडलं होतं. नोकरी जाऊन दीड वर्ष झालेलं, लग्नसराई सोडली तर व्हॅन दारातच उभी असायची, आणि आता कुठे रोजचं काम हाताशी आलं होतं.

"गाडीची नियत साफ आहे," हनीफभाई म्हणाले, "पण सीना भरलाय. नोझल आणि पंप खोलून दुरुस्तीला पाठवायला पाहिजे. आठ दिवस लागतील."

"आठ दिवस कुठून आणू?" वसंतराव म्हणाले. "सोमवारी मी नाही गेलो तर दुसरा तयारच आहे."

"मग दुसरी तरकीब. पंपाचा स्क्रू थोडा आत घेतो. डिझेल कमी जाईल, धूर बंद. कागद हातात आला की या, स्क्रू परत बाहेर. सगळे करतात."

वसंतरावांनी मान हलवली. पंचवीस वर्षं स्टोअर सांभाळताना ज्यांनी एक खिळा घरी आणला नाही असे ते गृहस्थ. "नाही. ती लबाडी झाली."

"मग पळवून आणा," हनीफभाई म्हणाले. "रिकामी गाडी, तिसऱ्या गियरच्या वर जायचं नाही, आणि पाय दाबून. साठ-सत्तर किलोमीटर. आतला कार्बन झटकून जाईल. मग गरमागरम टपरीवर उभी करा."

वसंतरावांचा चेहरा उजळला. गाडी पळवणं ही काही लबाडी नव्हती. आता प्रश्न असा होता, की कार्बन किती गेला हे वाटेत कळणार कसं? हनीफभाईंची पद्धत साधी होती, आणि वसंतरावांना ती आधीपासून ठाऊक होती. थांबायचं, पांढरं फडकं सायलेन्सरसमोर धरायचं, गाडी रेझ करायची, म्हणजे उभ्या जागी ॲक्सिलरेटर दाबायचा, आणि फडक्यावरचा रंग बघायचा. वसंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. कोकणच्या हवेचं आमंत्रण मला का आलं होतं ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

"मास्तर, छटा ओळखण्यात तुमचा हात कोण धरणार?" ते म्हणाले.

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, मी फुशारलो. बावीस वर्षं मी मुलांना काळ्या-पांढऱ्यामधल्या पायऱ्या शिकवतोय आणि आजवर या विद्येची गरज कुणाला पडली नव्हती. मी खिशातून झेंडावंदनाचा रुमाल काढला, त्याची घडी मोडली आणि म्हटलं, "चार कोपरे आहेत. चार ठिकाणी थांबू."

पहिला कोपरा पळस्पे फाट्यावर झाला. इथे पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता वेगळा होतो. वसंतरावांनी गोव्याच्या रस्त्याला लागून गाडी कडेला घेतली, मी मागे जाऊन उकिडवा बसलो, रुमाल धरला आणि ओरडलो, "दाबा!" रुमालावर ड्रॉइंगची काळी शाई सांडल्यासारखा डाग पडला. "कसाय?" पुढून आवाज आला. "ठार काळा," मी म्हटलं. वसंतरावांनी देवीच्या नावाकडे बघून नमस्कार केला आणि आम्ही निघालो.

तिसऱ्या गियरमध्ये, पाय दाबून, रिकाम्या व्हॅनमधून निसर्गसौंदर्य बघण्याचा अनुभव मी वाचकांना सुचवणार नाही. इंजिन इतकं किंचाळत होतं की आम्ही खुणांनी, नाहीतर ओरडून बोलत होतो. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भाताची खाचरं, त्यांत वालाची हिरवी रोपं, मध्येच आंब्याचा मोहोर. वसंतराव बोटाने दाखवायचे, मी मान डोलवायचो.

शिरढोणला दुसरा कोपरा. गावच्या ज्या सुपुत्राने परक्या सत्तेविरुद्ध पहिलं बंड पुकारलं, त्याचं घर इथे आहे असं वसंतराव मला वाटभर ओरडून सांगत होते. ते बघायला जाऊ म्हटलं तर म्हणाले, "येताना. आत्ता इंजिन थंड होईल." मग आम्ही रस्त्यावरच थांबलो आणि मी रुमाल धरला. जवळच्या अंगणात एक म्हातारे गृहस्थ खाटेवर ऊन खात बसले होते. ते उठले, खाट घराच्या दुसऱ्या बाजूला ओढत घेऊन गेले. आमच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. माझं लक्ष डागाकडे होतं. "कोळशाचा काळा," मी जाहीर केलं. "सुधारणा आहे."

कर्नाळ्याच्या खिंडीत मात्र मी रुमाल विसरून क्षणभर उभा राहिलो. अंगठ्यासारखा उभा सुळका, खाली दाट झाडी, आणि त्या झाडीतून असंख्य पाखरांचा आवाज. कराडला आमच्याकडे नदी आहे, डोंगर आहेत, पण इतकी पाखरं एकदम बोलताना मी ऐकली नव्हती. मी वसंतरावांना म्हटलं, "जरा बंद करा ना गाडी." ते म्हणाले, "बंद नाही करायची मास्तर, हनीफभाईंचं सांगणं आहे. चला, धरा रुमाल." त्यांनी तीनदा रेझ केली. तिसरा कोपरा फोर-बी पेन्सिलीच्या गडद करड्या रंगाचा आला. गाडी वळवून आम्ही निघालो तेव्हा मी खिडकीतून कान दिला, पण आता इंजिनाशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

पनवेलवरून उरणच्या रस्त्याला लागलो. इथे नव्या बंदराचे लांबलचक ट्रेलर, प्रत्येकावर एक लोखंडी खोली, आणि प्रत्येकाच्या मागे काळा लोट. त्यांच्या मागून जाताना वसंतराव तावातावाने हात हलवत होते. "बघा, बघा! यांना कोणी विचारत नाही! पकडणार कोणाला, तर आमच्यासारख्याला!" यात तथ्य होतं आणि मी जोरात मान डोलवली. रस्त्याच्या पलीकडे मिठागरं होती. वाफ्यांत उथळ पाणी आणि कडेला पांढऱ्या मिठाच्या राशी. सकाळपासून मी इतका काळा रंग पाहिला होता की त्या राशी बघून डोळे निवले. पण जवळ गेल्यावर दिसलं, की रस्त्याकडेच्या राशींवर ताडपत्री टाकलेली होती आणि आतल्या राशी उघड्या होत्या. जानेवारीत ताडपत्री कशाला, असं मनात आलं आणि निघूनही गेलं.

साडेबाराच्या सुमारास मोरा बंदर आलं आणि अखेर समुद्र दिसला. मुंबईला जाणारी लाँच धक्क्यापासून सुटत होती. पलीकडे धुरकट उन्हात मुंबईचे उंच आकार अस्पष्ट दिसत होते. डोलकाठ्या, जाळी, माश्या, आणि घाटावरची माणसं नाक धरतील असा सुक्या मासळीचा वास. मला तो वास आवडतो. कराडच्या गुरुवारच्या बाजारातून बायको सुकट आणते, तिचाच हा वास, फक्त शंभरपट. धक्क्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून, जुनी जाळी अंथरून त्यांवर कितीतरी जवला (आमच्याकडची सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी) पसरला होता. गुलाबीसर, उन्हात चमकणारा. सुकट कुठेतरी जमिनीवर वाळत असेल हे मी इतकी वर्षं खाऊनही कधी मनात आणलं नव्हतं.

वसंतरावांनी गाडी तिथेच वळवून उभी केली. मी चौथा कोपरा धरला. "दाबा!"

फिकट करडा. एचबी पेन्सिल हलक्या हाताने फिरवावी तसा. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. वसंतराव दारातून डोकं बाहेर काढून बघत होते. तेवढ्यावर थांबायला काही हरकत नव्हती. पण माझ्यातला ड्रॉइंग मास्तर जागा झाला होता. मला आता पांढरा हवा होता.

"अजून एकदा!" मी ओरडलो. "पूर्ण दाबा! ठेवा दाबून!"

त्यांनी दाबून ठेवला. व्हॅन थरथरायला लागली आणि सायलेन्सरच्या आत वर्षानुवर्षं चिकटलेली काजळी पापुद्र्यांनी सुटली. काळे तुकडे माझ्या शर्टावरून, डोक्यावरून गेले. वारा समुद्राकडून होता. त्याने ते उचलले आणि मागच्या जवल्यावर नेऊन टाकले.

"ए! ए, थांब! बंद कर तो भोंगा!"

जाळ्यांपलीकडून एक कोळीण धावत आली. साठीची, काटक, हातात खराटा. वसंतरावांनी इंजिन बंद केलं. सकाळपासून पहिल्यांदाच एवढी शांतता झाली आणि त्या शांततेत आम्ही तिघं जवल्याकडे बघत उभे राहिलो. गुलाबी जवल्यावर चार-पाच हात रुंदीचा काळ्या ठिपक्यांचा पट्टा पडला होता. मी वाकून एक ठिपका उचलायला गेलो, तो बोटाखाली पसरला आणि आणखी दहा काड्या काळ्या झाल्या.

"हात नको लावू," ती म्हणाली. "तीन दिसांचा ऊन दिलाय मी याला. उद्या बाजारात न्यायचा होता."

"बाई, चूक झाली," वसंतराव म्हणाले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "गाडीची तपासणी आहे आज. आतला कार्बन काढायला म्हणून..."

"कुटं हाय तपासनी?"

"पनवेलला."

"मंग पनवेलला काडायचा. एवडी वाट तुडवून आमच्या दारात कशाला आनलास?"

वसंतरावांचा हात खिशाकडे गेला. तिने खराट्यानेच तो अडवला.

"पैशे नको मना. पैशे घेतले का तू मोकला. मंग पुढल्या टायमाला परत येशील." ती खाली बसली. काळा पट्टा तिने दोन्ही हातांनी हलकेच गोळा केला, चांगल्या जवल्याला धक्का न लावता, आणि पदराखालून जुनं वर्तमानपत्र काढून त्याच्या दोन पुड्या बांधल्या. एक वसंतरावांच्या हातात दिली, एक माझ्या. "इकू मी शकत नाय. टाकू बी शकत नाय, आमच्या मानसांनी समिंदरात जाऊन आनलाय. धूर तुमचा हाय, तुमी खा."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. "दाबा" असं मी ओरडलो होतो हे निदान सांगायला हवं होतं. वसंतराव सगळा दोष एकट्याने घेऊन उभे होते आणि मी रुमालाची घडी घालत होतो. याची मला आजही लाज वाटते. जाताना वसंतरावांनी तिचं नाव विचारलं. "हिराबाय," ती म्हणाली. "कशाला, तपासनीच्या कागदावर लिवतोस?"

परतीच्या वाटेवर वसंतरावांनी गाडी चौथ्या गियरमध्ये हळू चालवली. शिरढोणचं घर बघायचं राहिलं ते राहिलंच. मिठाच्या त्या राशींवर ताडपत्री का आहे ते आता मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

साडेचारला टपरीपाशी पोचलो तेव्हा पुढे पाच गाड्या होत्या. दोन टेम्पो, दोन जीप आणि एक आमच्यासारखीच व्हॅन. सगळ्यांची बॉनेटं तापलेली, चालक उसाचा रस पीत उभे. एकाने आपलेपणाने विचारलं, "कुठपर्यंत पळवलीत?" वसंतराव म्हणाले, "मोऱ्यापर्यंत." तो म्हणाला, "मी खोपोलीला जाऊन आलो." दुसरा म्हणाला, "मी आपला पेणच्या अलीकडून फिरलो." मी त्या रांगेकडे पाहत राहिलो. प्रत्येक गाडी आपला धूर कुठे ना कुठे ठेवून आली होती आणि आता इथे न्हाऊन-माखून शहाण्यासारखी उभी होती. एकेकाचा काटा जागच्या जागी राहत होता. दिवसभरात कुणीही नापास झालं नव्हतं असं टपरीवाल्या चष्मेवाल्या गृहस्थांनी अभिमानाने सांगितलं.

आमचा नंबर आला. नळी लावली, वसंतरावांनी दाबला, काटा थोडा हलला आणि खाली बसला. "वा," ते गृहस्थ म्हणाले, "गाडी छान ठेवलीय तुम्ही." शिक्का मारून त्यांनी कागद दिला. ज्या कागदासाठी त्या घरात पाच दिवस अन्न गोड लागलं नव्हतं तो कागद वसंतरावांनी न वाचता घडी करून खिशात टाकला. घरी ताईंनी तो देवापुढे ठेवला, साखर ठेवली, आणि मग टेबलावरची पुडी उघडून म्हणाल्या, "अय्या, जवला! किती दिवसांनी!"

वसंतरावांनी त्यांना सगळं सांगितलं. माझं ओरडणं त्यांनी गाळलं. मग मीच ते मध्ये घातलं.

रविवारी दुपारी ताईंनी वसंतरावांच्या वाट्याचा जवला धुऊन धुऊन, कांदा आणि आमसुलं घालून केला. वसंतरावांनी तो दुसऱ्या कुणाच्या ताटात पडू दिला नाही. आम्ही आमटी-भात खाल्ला. ते सावकाश चावत होते. मध्येच थांबायचे, दातांखालचं काही ऐकल्यासारखे, आणि पुन्हा चावायचे. जेवण झाल्यावर ते जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. मी शेजारी बसलो.

"मास्तर," ते म्हणाले, "स्क्रू फिरवला नाही म्हणून मी स्वतःवर खूष होतो."

त्यांनी समोर उभ्या व्हॅनकडे पाहिलं.

"कागद सहा महिने चालतो. गाडी आठ दिवसांत परत तशीच होईल. रोज चार फेऱ्या, आणि रोज कोणाच्या तरी दारावरून."

"मग?"

"उद्या हनीफभाईंकडे लावतो. नोझल, पंप, सगळं खोलू दे."

दारात ताई उभ्या होत्या. आमच्या लक्षात आलं नव्हतं. "आणि कारखान्यात काय सांगणार?" त्यांनी विचारलं. "दीड वर्ष वाट पाहिलीय आपण. कागद आहे ना आता? तुम्हाला कोण विचारणार आहे?"

"कोणी नाही," वसंतराव म्हणाले. "तेच तर."

ताई आत गेल्या. भांडी घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. दोघंही बरोबर होते आणि त्यांच्यामध्ये बसून मला काय करावं कळेना. संध्याकाळी चहा घेऊन ताई बाहेर आल्या, कप ठेवला आणि म्हणाल्या, "अभ्रे काढून ठेवा गाडीचे. गॅरेजमध्ये ऑइलचे हात लागतील." त्यावर आम्ही तिघांनी मिळून सीटांचे निळे अभ्रे उतरवले.

सोमवारी सकाळी वसंतराव मला स्टँडवर पोचवायला चालत आले. वाटेत हनीफभाईंच्या दारात व्हॅन उभी होती, बॉनेट उघडं, पंप खाली फरशीवर. हनीफभाई म्हणाले, "मास्तर, असा ग्राहक पहिला पाहिला. पास झालेली गाडी खोलायला लावली." वसंतराव नुसते हसले. सहा कधीच वाजून गेले होते. तळोज्याच्या त्या फाटकातून त्यांच्याऐवजी कुणाची तरी गाडी आत गेली असणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं आणि आम्ही हवापाण्याचं बोलत राहिलो. माझी पुडी पिशवीच्या तळाशी होती. घाट चढेपर्यंत निम्म्या एसटीला तिचा वास लागला आणि कंडक्टरने दोनदा माझ्याकडे बघितलं.

पुढे महिन्याने वसंतरावांचं अंतर्देशीय पत्र आलं. कारखान्याचं काम गेलं ते गेलंच. सध्या लग्नाची वऱ्हाडं मिळतात, पुढचं पुढे बघू. ताई बऱ्या आहेत, बोलतात. पत्राच्या कडेला आडव्या ओळीत लिहिलं होतं: "गाडी घेऊन मोऱ्याला जाऊन आलो. हिराबाईंना मागे उभं करून रेझ करून दाखवली. त्यांनी हुंगून बघितलं. म्हणाल्या, गाडी बरी हाय, पन लांब उबी कर."

पण पुडीचं सांगायचं राहिलं. परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ती बायकोच्या हातात दिली आणि सगळी हकिकत सांगून म्हटलं, "नीट धू. यात धूर आहे." तिने सुकट पातेल्यात घेतली, पाणी ओतलं, हात फिरवला. पाणी करडं झालं. फिकट करडं, माझ्या रुमालाच्या चौथ्या कोपऱ्याइतकं. मी म्हटलं, "बघितलंस?"

"काय बघायचं?" ती म्हणाली. "नेहमी असंच निघतं. बाजारातल्या सुकटीला मी तीन पाणी देते."

"नेहमी? आणि सांगितलं नाहीस कधी?"

"सांगायचं काय त्यात? कोकणातली माती असेल असं समजून धुते." तिने ते पाणी मोरीत ओतलं आणि दुसरं घेतलं.

बावीस वर्षं मी मुलांना छटा ओळखायला शिकवत होतो आणि माझ्या घरात दर आठवड्याला ती पातेल्यात उतरत होती. समुद्र बघायला मी उगाच इतक्या लांब गेलो. आमचा सगळ्यांचा धूर तिथे जाऊन वाळत होता आणि गुरुवारच्या बाजारातून पिशवीत बसून घरी येत होता.

दुपारी ताटात सुकट आली, कांदा घालून परतलेली, बरोबर ज्वारीची भाकरी. तिसऱ्या घासाला दाताखाली बारीक करकर लागली. एरवी मी हात थांबवला असता आणि बायकोला ऐकवलं असतं. त्या दिवशी घास गिळला आणि आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.